तळवे वर

आमच्या घरात मी एकटीच सिव्हिलियन. सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले, नवरा कर्नल म्हणून, आणि मुलगी गेल्या वर्षी लेफ्टनंट झाली. सासऱ्यांचे वडीलही सैन्यातलेच. ते भिंतीवरच्या फोटोतून आमच्यावर नजर ठेवून असतात. एवढी सगळी शिस्त एका छपराखाली नांदते, पण टूथपेस्टचं झाकण रोज मीच लावते.

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे पायांची तपासणी असते. लोकांकडे रविवारी पाहुणे येतात; आमच्याकडे घरातलीच माणसं व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसतात आणि बूटमोजे काढतात. आबा, म्हणजे माझे सासरे, समोर बुटक्या स्टुलावर बसतात आणि आवाज चढवून म्हणतात, “तळवे वर!” मग एकेक पाय मांडीवर घेऊन टाच दाबून बघतात, बोटं फाकवून बेचक्यात डोकावतात, नखं कशी कापलीत यावरून चार शब्द सुनावतात आणि शेवटी पावडर मारून पाय परत करतात. मी बॅटरी धरते. लग्न होऊन आले त्या पहिल्याच रविवारी कुणीतरी माझ्या हातात बॅटरी दिली, ती तीस वर्षं माझ्याच हातात आहे.

हे खूळ पणजोबांपासूनचं, म्हणजे आबांच्या वडिलांपासूनचं. लांबची चाल झाली की तुकडीच्या म्होरक्याने संध्याकाळी आपल्या माणसांचे पाय बघायचे, हा सैन्यातला साधा नियम. पणजोबांनी त्याचा धर्म केला. ‘ज्याचा तळवा तुला ठाऊक नाही, त्याला चल म्हणू नकोस,’ असं ते म्हणायचे म्हणे. ते अकरा माणसांचे म्होरके होते. एका लढाईत माघार घ्यावी लागली तेव्हा नऊ दिवस बर्फातून चाल होती. पणजोबांनी रोज संध्याकाळी अकरा जणांचे पाय तपासले, स्वतःचे बूट मात्र एकदाही काढले नाहीत. अकराच्या अकरा जण धडधाकट परतले. पणजोबांच्या पायाची दोन बोटं गेली. ‘दोन बोटं दिली आणि अकरा माणसं आणली’ हे वाक्य माझी मुलगी मुळाक्षरांच्या आधी शिकली. त्याच्या पोटातला दुसरा नियमही आपोआप शिकली: म्होरक्याचे पाय कुणी बघत नाही. त्यामुळे एवढ्या वर्षांत आबांचे तळवे कुणी पाहिले नव्हते.

फोटोत ते अकरा जण मागे उभे आहेत आणि पणजोबा पुढे खुर्चीत. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, साहेब म्हणून खुर्ची दिली असेल.

माझा नवरा पहिल्यांदा तुकडीवर गेला तेव्हा त्यानेही हेच केलं. कोवळा अधिकारी, पहिल्याच संध्याकाळी जवानांपुढे जमिनीवर बसून त्यांचे पाय मांडीवर घेतोय म्हटल्यावर एका जुन्या हवालदाराची पंचाईत झाली, ‘साहेब, असं नका करू’ म्हणून तो दोन पावलं मागे सरला. ही गोष्ट कुणाकडून तरी आबांच्या कानावर आली. मला वाटलं, आता तरी पोराच्या पाठीवर हात फिरवतील. आबांनी एवढंच विचारलं, “बेचक्यात बघितलंस का?” या घरात याला कौतुक म्हणतात.

तर गेल्या उन्हाळ्यात आबा घरात मोजे घालून फिरायला लागले.

घामाने जीव नकोसा होत होता, आम्ही पंख्याखालून हलत नव्हतो, आणि हा माणूस लोकरी मोज्यांत. सकाळी कोपऱ्यावर जाऊन पेपर आणायचे, ते बंद झालं. म्हणाले, “हल्ली पेपरात काही नसतं.” संध्याकाळचा फेरा बंद झाला. मग एक दिवस कपडे वाळत घालताना मला दोरीवर एकच मोजा दिसला. दुसऱ्या दिवशीही एकच. आपले कपडे स्वतः धुवायची आबांना सवय आहे, त्यात नवल नाही. पण जोडीतला एकच मोजा रोज कोण धुतं? मी तो उलटा करून पाहिला. बोटांपाशी पिवळसर डाग होता, धुऊनही न गेलेला.

आबांना बारा वर्षांपासून शुगर आहे.

“आबा, पायाला काही लागलंय का?”

“काही झालेलं नाही, सूनबाई.”

“मग मोजा काढा बघू.”

“थंडी वाजते.”

मी नवऱ्याला पुढे केलं. त्याने आयुष्यात आठशे माणसांना हुकूम सोडलेले. तो छाती काढून आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. म्हणाला, “ते म्हणतात, तुझे केस वाढलेत, कापून ये.” आणि खरंच कापून आला. माझ्या कपाळाला हात!

मग आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांना चहाला बोलावलं. सहज आल्यासारखे या, असं बजावलं होतं. डॉक्टर बिचारे सज्जन. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग ते म्हणाले, “आबा, आलोच आहे तर पाय बघतो जरा.”

आबा म्हणाले, “तुम्ही डाव्या पायावर कमी भार देताय. कुरूप आहे का?”

“आहे खरं. पण...”

“बूट काढा.”

पुढची वीस मिनिटं आबांनी डॉक्टरांचं कुरूप तपासलं, मला बॅटरी धरायला लावली, बूट अर्धा नंबर मोठा घ्या म्हणून सांगितलं आणि पावडरची पुडी देऊन त्यांना वाटेला लावलं. स्वतःच्या पायाबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टर फाटकापाशी थांबले. तिथे मात्र ते हसत नव्हते.

“मला वास आला,” ते म्हणाले. “जखम आहे आणि ती चिघळलीय. शुगरवाल्याला दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाग बोटांपाशी आहे म्हणता, तर आज बोटावर भागेल. आठ-पंधरा दिवस असेच गेले तर पाय कापावा लागेल, कदाचित गुडघ्यापर्यंत. काहीही करा, पण तो मोजा काढा.”

नवरा फाटकाला धरून उभा राहिला. मी तिथूनच मुलीला फोन लावायला घेतला.

मुलीला घरात सगळे बटण म्हणतात. दीड वर्षाची असताना तिने वडिलांच्या गणवेषाचं बटण गिळलं होतं. ते दोन दिवसांनी सुखरूप परत मिळालं, नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. आबांचा जीव तिच्यात, तिचा आबांत. तिचा फोन लागायला दोन दिवस लागले.

“आबा मोजा काढत नाहीत,” मी म्हणाले.

“किती दिवस झाले?” तिने विचारलं.

“तीन आठवडे.”

“येते,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी ती आली. तिच्या बापाने फाटकात तिच्या खांद्यावरचे तारे पाहिले आणि त्याला भरून आलं. मी आई आहे, मी खाली पाहिलं. उजव्या बुटाची नाडी सैल होती आणि ती टाच टेकत नव्हती.

“काय झालं पायाला?”

“काही झालेलं नाही, आई.”

खाण तशी माती! त्या संध्याकाळी आबा डावीकडे झुकत चहाला आले, बटण उजवीकडे झुकत आली, दोघांनी एकमेकांना कडक सलाम ठोकले आणि टेबलाच्या दोन टोकांना पाय आत ओढून बसले. घरात दोन लंगडे, आणि दोघांचंही म्हणणं एकच. पडले तरी नाक वर! मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले आणि कपबशा जरा जोरात धुतल्या.

रविवारी दहा वाजता आम्ही व्हरांड्यात जमलो. आबा स्टुलावर बसले, मोजे घालून. “तळवे वर!” आवाज पूर्वीइतकाच खणखणीत होता. नवऱ्याची तपासणी झाली. नखं वाकडी कापल्याबद्दल बोलणी बसली. मग आबांनी बटणपुढे हात केला. तिने बूट काढला नाही.

“काय गं?”

“माझ्याकडे तीस माणसं आहेत आता, आबा. मी म्होरकी आहे. म्होरक्याचे पाय कुणी बघत नाही.”

आबांचा चेहरा आधी खुलला. मी बघत होते ना, अभिमानाने कानापर्यंत खुलला. मग त्यांची नजर तिच्या सैल नाडीवर गेली आणि तिथेच थांबली.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“दहा.”

“नवे बूट?”

“हो. आणि कोरडे मोजे एका जवानाला दिले होते. त्याचे भिजले होते म्हणून.”

“तुझ्या माणसांना माहीत आहे?”

“नाही.”

“पुढची चाल कधी?”

“पंधरा दिवसांनी. साठ किलोमीटर.”

“आणि तू चालणार?”

“पणजोबा नऊ दिवस चालले, आबा.”

व्हरांड्यातून आतल्या खोलीची भिंत दिसते, आबांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. मला वाटलं, आता तेच वाक्य येणार, दोन बोटं आणि अकरा माणसं.

“ते चालत नाही आले,” आबा म्हणाले.

नवऱ्याच्या हातातला मोजा हातातच राहिला.

“सात दिवस चालले. आठव्या दिवशी पडले. शेवटचे दोन दिवस त्यांना त्यांच्या माणसांनी उचलून आणलं. चौघांनी उचलायचं, बाकीच्यांनी त्यांचं ओझं घ्यायचं, मग पाळी बदलायची. बर्फातून. आधीच उपाशी माणसं ती.” आबा सावकाश बोलत होते, एकेक वाक्य अवजड सामान उतरवल्यासारखं. “मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा फोटोतला एक जण आमच्याकडे आला होता. डावीकडून तिसरा. त्याचा खांदा बघा, खाली आलाय. तो परत कधी वर झाला नाही. त्यानेच मला हे सांगितलं, हसत हसत सांगितलं, तक्रार नव्हती त्याची. वडील आतल्या खोलीत होते. तो दोन तास बसला, जेवून गेला. वडील बाहेर आले नाहीत. त्याच्यापुढे यायची त्यांना लाज वाटली.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“काय बोलू? मला ते वाक्यच आवडायचं. सगळ्यांना आवडायचं.” मग ते बटणकडे वळले आणि एकदम कडाडले, “म्होरक्याने पाय लपवला ना, की तुकडीला म्होरक्या वाहावा लागतो! कळलं? काढ तो बूट!”

बटण जागची हलली नाही. तिचे डोळे डबडबले होते, पण आवाज अगदी खालचा, शांत होता.

“मग तुम्हीही मोजा काढा, आबा.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा भर सकाळी दहा वाजता आमच्या व्हरांड्यात पडला होता, आणि आता आबांनाही तो दिसला. ते कितीतरी वेळ आपल्याच डाव्या पायाकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग खाली वाकले. हात पोचेना. तेव्हा माझा नवरा, कर्नल, बाकावरून उतरून जमिनीवर बसला आणि बापाचा पाय त्याने मांडीवर घेतला.

मी बॅटरी लावली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

नवऱ्याने आपला तळहात त्या तळव्याखाली तसाच ठेवला होता. थोड्या वेळाने आबाच म्हणाले, “बेचक्यात बघ.”

तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. ते एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर बोटावर भागलं नसतं. शुद्धीवर आल्यावर आबांनी आधी बटणच्या टाचेची चौकशी केली. तिला भलामोठा फोड येऊन फुटला होता आणि त्यात पू झाला होता. त्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर, तिला मलमपट्टी झाली आणि पंधरा दिवस चालायचं नाही असं कागदावर लिहून मिळालं. आबा म्हणाले, “वडिलांची दोन गेली, माझं एक. हिचं एकही नाही. घराणं सुधारतंय.” आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की नर्सने येऊन दटावलं.

मी बटणला कॉरिडॉरमध्ये विचारलं, “खरं सांग. आबांनी मोजा काढावा म्हणून केलंस ना हे नाटक?”

ती लाजली. “नाही गं. मला खरंच दाखवायचा नव्हता पाय.”

या घराण्याचं काय करावं!

तिथूनच तिने आपल्या तुकडीत फोन केला. तिच्या हाताखाली एक अनुभवी हवालदार आहे, तिच्या दुप्पट वयाचा. ती ताठ उभी राहून म्हणाली, “माझा पाय खराब झालाय. या वेळच्या चालीत मी गाडीत असेन. तुकडी तुम्ही न्या.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं आणि तिचा चेहरा उतरला, मग हळूहळू तिला हसू यायला लागलं.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आम्हाला दहा दिवसांपासून माहीत आहे, मॅडम. तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होतो. आणि म्हणाले, स्ट्रेचर तयार ठेवलं होतं.”

आबांना हे सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून म्हणाले, “चांगली माणसं आहेत तुझी. नीट सांभाळ त्यांना.”

बटण जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. दहाला पाच मिनिटं असताना आबा काठी टेकत व्हरांड्यात आले आणि स्टुलावर न बसता बाकावर बसले, पहिल्या जागी. कुणी सांगितलं नव्हतं. “आजपासून म्होरक्या आधी,” एवढंच म्हणाले. बटण स्टुलावर बसली, आजोबांची पट्टी सोडली, बेचकी बघितली, पावडर मारली. मग आबा स्टुलावर आले. बटणची टाच गुलाबी, नवी कातडी धरलेली. ती त्यांनी जरा जास्तच वेळ हातात ठेवली. मग नवऱ्याचे पाय. नखं या वेळी सरळ होती, पण तसं कुणी बोललं नाही. या घरात याला कौतुक म्हणतात, मी आधी सांगितलंच आहे.

झालं. मी बॅटरी बंद केली आणि चहा ठेवायला उठले.

“बॅटरी इकडे द्या,” आबा म्हणाले.

मला वाटलं सेल बघायचे असतील. त्यांनी ती घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मग बाकावरची रिकामी जागा काठीने दाखवली.

“सूनबाई. तळवे वर.”

“माझं काय बघायचंय आबा? मी कुठे चाल करते?” मी म्हणाले. “मला काही झालेलं नाही.”

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं मात्र, तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मीही ते ऐकलं. या घरात ते वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं मी, आणि प्रत्येकावर किती चिडले होते!

मी बसले. चपला काढल्या. वडीलधाऱ्या माणसाने आपला पाय मांडीवर घ्यायचा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय मागे ओढायला लागले तर आबांनी घोटा घट्ट धरला. त्यांचे हात इतके ऊबदार असतील असं मला वाटलं नव्हतं. तीस वर्षं त्या हातांवर मी उजेड धरला होता, पण ते कसे लागतात हे मला ठाऊक नव्हतं.

टाचेला भेगा होत्या. एक खोल होती, तिच्या कडेला रक्त सुकलेलं.

“ही किती दिवसांची?”

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच आठवेना. “माहीत नाही, आबा.”

आबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. “तीस वर्षं,” ते नातीला म्हणाले, “तीस वर्षं या घराचा म्होरक्या बॅटरी धरून उभा होता, आणि आम्ही तिघं आपापले पाय बघत बसलो.”

बटणने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही. आबांनी मलमाची डबी उघडली, बोटावर मलम घेतलं आणि पुन्हा वाकले. मग वैतागून वर बघत ओरडले, “कर्नल! बॅटरी नीट धरा!”

आठशे माणसांना हुकूम सोडलेला तो माणूस, पण त्याला काही केल्या ती सरळ धरता येईना.